कानसेनांच्या खोलीतली घरघर

१

कानसेनांचा कॉम्प्युटर कोणीतरी बिघडवला होता. कोणी बिघडवला हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. राहिलं होतं ते एवढंच, की तिसऱ्या कोणीतरी माणसाने येऊन, बघून, 'होय, तिनेच' असं म्हणायचं. त्यासाठी त्यांनी एक मजला चढून सर्व्हेअरबाईंचं दार वाजवलं.

सर्व्हेअरबाईंनी उघडायला वेळ लावला. हल्ली दार वाजलं की त्या आधी केस सारखे करत, साडी नीट करत, आणि मग त्यांना कळे की दार शेजारचं वाजलंय. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि भिजलेला माल तपासण्यात घालवली होती. लोक त्यांना घाबरत, खोटं बोलत, गयावया करत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी खोटं बोलायलासुद्धा कोणी येत नव्हतं.

"बाई, तुम्ही लोकांच्या लबाड्या पकडायचात ना?" कानसेनांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"पकडायचे! आता लबाड तरी कुठून आणू?" बाई म्हणाल्या. गोदामांतून बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलेला होता.

"ओरडू नका हो," कानसेन कळवळून म्हणाले. "मी काय बहिरा आहे?"

बाई ओशाळल्या. या माणसाला बहिरा म्हणायची कोणाची छाती होती? आयुष्यभर ध्वनिमुद्रण केलेला माणूस. गवयाचा श्वास कुठे तुटला, तबल्याची वादी कुठे सैल पडली, हे तो म्हणे काचेपलीकडून सांगायचा. 'कानसेन' हे नाव त्याला स्टुडिओत पडलं आणि त्याच्या मागोमाग इमारतीत राहायला आलं. लिफ्टमध्ये बाईंनी नमस्कार केला तर कधी उत्तर यायचं, कधी नाही. कलावंत माणूस, तंद्रीत असतो, असं सगळे म्हणत.

त्या त्यांच्यामागून खाली गेल्या. खोली स्वच्छ होती. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर उशी होती, आणि त्या उशीवर बऱ्याच दिवसांत कोणी बसलेलं नव्हतं. कानसेन नुसत्या मोज्यांवर वावरत होते. चपला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खिडकीच्या फळीवर थेंबांची छोटी बाटली होती. या वयात डोळ्यांचं काही ना काही निघतंच, बाईंच्याही उशाशी तशीच एक होती.

"आता ऐका," म्हणत कानसेनांनी कॉम्प्युटर सुरू केला.

आधी आतला पंखा घरघरला. मधूनच काहीतरी घासल्यासारखं खर्र व्हायचं आणि पुन्हा घरघर. मग स्पीकर लागले आणि त्यांतून डबीत कोंडलेल्या माशीसारखी गुणगुण सुरू झाली. त्या सगळ्याच्या तळाशी एका बाईचा आवाज पुस्तक वाचत होता.

"ही आमची ही," कानसेन म्हणाले. "आंधळ्या मुलांसाठी वाचायची. इथेच बसून, त्या खुर्चीत. मी रेकॉर्ड करायचो. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी मी हे लावतो. तेवढंच आहे हो माझ्याकडे. आणि बघा काय करून ठेवलंय तिचं!"

त्यांनी खाडकन कॉम्प्युटर बंद केला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

हकीकत सरळ होती. कानसेनांची पुतणी दर रविवारी येई, घर आवरून जाई. गेल्या रविवारी तिने कॉम्प्युटरचं झाकण काढून आतली धूळ ब्रशने झाडली. सोमवारी संध्याकाळी यांनी बटण दाबलं, तर ही तऱ्हा.

"सोमवारी दिवसभर काही नाही?"

"दिवसभर मी बाहेर होतो. किरकोळ काम होतं. ते सोडा. मी तिला फोनवर सांगून टाकलं, आता येऊ नकोस. परवाच्या रविवारी घराची किल्ली ठेवून जाईल."

"आणि मग तुमच्याकडे कोण येणार?"

"कोणी नाही," कानसेन म्हणाले. जणू बाईंनी किती वाजले असं विचारलं होतं.

निघताना बाईंना भिंतीवर एक गोल, उजळ डाग दिसला. तिथलं घड्याळ गेलं होतं. चोरीसुद्धा झालीय की काय? त्यांची जुनी नजर लगेच खोलीभर फिरली. घड्याळ कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडलं. ते चालू होतं, आणि कोणीतरी ते जाड टॉवेलात घट्ट गुंडाळून ठेवलं होतं.

२

"टिकटिक डोक्यात जात होती," कानसेनांनी घड्याळाचं एवढंच कारण दिलं. दुःखात माणसं चिडचिडी होतात, हे बाईंना स्वतःवरून ठाऊक होतं. त्यांनी तो विषय सोडला आणि खोलीत आणखी कोण येऊन गेलं ते विचारलं. पुतणीच्या आदल्या दिवशी वायरमन आला होता, भिंतीवरचा बोर्ड बदलायला. आवाज सुरू झाल्यावर कानसेनांनीच खालच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं होतं, पण तो झाकण उघडून बघून, काही न करताच परत गेला होता.

वायरमन दुसऱ्या दिवशी जिन्यातच भेटला. आपल्यावर आळ येतोय हे कळताच तो खांद्यावरची पिशवी खाली ठेवून भांडणाच्या तयारीत उभा राहिला.

"बोर्ड बदलताना मी मेन बंद करतो. कॉम्प्युटर बंद, स्पीकर बंद. मी काय बिघडवणार? उलट मीच त्यांना म्हटलं, काका, या कॉम्प्युटरच्या वायरची जाड पिन तुटलीय, अर्थिंग मिळत नाही, वायर बदला."

"मग?"

"मग काय! म्हणाले, 'दुपारी या.' मी म्हटलं, दुपारी नाही हो, वायर! तर म्हणाले, 'बरं, संध्याकाळी.'" वायरमनने कपाळावर हात मारला. "थोर माणूस. पण आपल्याला उडवून लावायची ही काय रीत झाली?"

बाईंनाही ते लागलं. एवढा तुसडेपणा कशाला करावा माणसाने? पण त्यांनी लगेच कानसेनांच्या खोलीत जाऊन टेबलामागची वायर ओढून काढली. प्लगच्या दोन पिना शाबूत होत्या. तिसरी, जाड पिन मुळापासून तुटलेली होती.

आता तुटलेलं धातूचं टोक हा बाईंचा प्रांत. धातू नुकता मोडला की चकाकतो. गोदामाचं कुलूप कालच फोडलं की वर्षापूर्वी, हे त्या मोडलेल्या जागेवरून सांगत. इथे ती जागा काळपट पडली होती आणि तिच्यात धूळ बसून घट्ट झाली होती.

पिन गेल्या आठवड्यात तुटली नव्हती. ती केव्हाची तशीच होती.

३

"अर्थिंग नाही म्हटल्यावर स्पीकर गुणगुणणारच," कॉम्प्युटरवाला म्हणाला. त्याच्या दुकानात उघड्या पोटाचे कॉम्प्युटर ओळीने बसले होते. "ती वायर तशीच असेल, तर गुणगुणही तेव्हापासूनचीच."

"आणि पंखा? झाडताना ब्रश लागून काही वाकलं असेल?"

"छे! ज्याने कोणी साफ केलंय ना, हळुवार हाताने केलंय. वायरी बाजूला बांधून ठेवल्यात, एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे नाही. मीही एवढं नीट करत नाही, आता तुमच्यापाशी कबूल करतो." त्याने आवाज खाली आणला. "पंख्याचं बेअरिंग गेलंय. पातं खाली झुकलंय आणि कडेला घासतंय. घासून घासून तिथे चर पडलाय, बाई. बोट फिरवलं तर नख अडकेल असा. असा चर आठवड्यात पडत नाही."

"हे त्यांना सांगितलंत?"

"तोंड उघडलं आणि फसलो. 'सगळा जन्म आवाजात काढलाय, मला शिकवू नकोस,' म्हणाले. मी पिशवी उचलली आणि आलो."

बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पुतणी सुटली होती, ते चांगलंच झालं. पण गाठ सुटायच्या ऐवजी आणखीच आवळली होती. पंखा जुनाच घरघरत होता. स्पीकर जुनेच गुणगुणत होते. मग साऱ्या शहराला बेसूर ओळखून दाखवणारा माणूस सोमवारी संध्याकाळपर्यंत गप्प कसा बसला?

त्यांच्या कामात एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा असे. मालक 'माझं नुकसान झालं' म्हणाला की विचारायचं, आधी माल धड होता हे कशावरून? नव्या पोरांना त्या हा प्रश्न घोकायला लावत. आणि या वेळी त्यांनी स्वतःच तो विचारला नव्हता. तक्रार कानसेनांची होती, आणि आवाजाच्या बाबतीत कानसेनांना कोण पुरावा मागणार?

त्या थेट पुतणीकडे निघाल्या.

४

पुतणी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या बाकावर येऊन बसली. डबा तिने उघडलाच नाही. घराची किल्ली तिच्या मुठीत होती.

"मी काही तोडलं नाही हो, बाई. धूळ एवढी होती, म्हटलं काकांना खोकला येतो. काकू असताना कॉम्प्युटर ती पुसायची. तिच्या जागी म्हणून मी..." तिने किल्लीवरची मूठ आवळली. "काका म्हणाले, 'तू तिचा आवाज मारलास.' असं बोलतं का कोणी?"

"बोलू नये," बाई म्हणाल्या. "आता मला एकच सांग, आणि आठवून सांग. तू झाडायच्या आधी तो कॉम्प्युटर घरघरायचा का?"

पोरीने डोळे पुसले. "मी गेले की काका तो बंद करतात. माझ्यासमोर कधी लावतच नाहीत. ते त्यांचं आणि काकूचं असतं ना." मग ती थबकली. "पण संध्याकाळी फोन केला की मागे घरघर असायची. नेहमीच. मला वाटायचं, भिंतीवरचा पंखा असेल."

"भर थंडीत?"

"हो की... थंडीतही असायची."

"मग तू बोलली नाहीस कधी?"

"कोणाला? काकांना? आवाजातलं?" तिच्या ओठांवर रडतारडताही हसू आलं. "मला हसले असते ते. त्यांना ठाऊकच असेल असं वाटलं."

बाई परतल्या तेव्हा कानसेनांच्या मजल्यावर, भिंतीला भिंत लागून राहणारे शिकवणीवाले सर दारात उभे होते. आत मुलं पाढे म्हणत होती.

"बाई, कानसेनांची तब्येत बरी आहे ना?" सरांनी हळूच विचारलं. "नाही, रोज संध्याकाळी त्यांच्या बायकोचं वाचन भिंतीतून ऐकू यायचं. शब्द न् शब्द. मुलं गणितं सोडून गोष्ट ऐकत बसायची. चार-पाच दिवस झाले, काहीच येत नाही."

"एवढ्या मोठ्याने लावायचे? आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"एकट्या माणसाला काय म्हणायचं?" सर म्हणाले. "असू दे म्हटलं."

बाई जिना चढू लागल्या आणि मध्येच कठड्याला धरून थांबल्या. टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ. कोपऱ्यात टाकलेल्या चपला, ज्या चालताना नक्कीच करकरत असणार. लिफ्टमधले वाया गेलेले नमस्कार. 'वायर' म्हटलं की 'दुपारी' म्हणणारा माणूस. आणि खिडकीच्या फळीवरची बाटली. आपण ती डोळ्यांची धरून चाललो, कारण आपल्या उशाशी आहे ती डोळ्यांची.

सोमवारी तो माणूस कोणत्या किरकोळ कामाला गेला होता, हे त्यांना आता कळलं. आणि ते त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, हे मात्र कळेना.

५

रविवारी बाईंनी कॉम्प्युटरवाल्याला नवा पंखा आणि नवी वायर घेऊन बोलावलं. कानसेनांनी कुरकुरत परवानगी दिली. काम चालू असतानाच पुतणी आली आणि किल्ली पुढे धरून दाराशीच उभी राहिली. कॉम्प्युटरवाल्याने झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा फिरला तो कळलाच नाही. स्पीकर लागले आणि गप्प राहिले. आपण इथे थांबू नये हे ओळखून तो लगेच निघून गेला.

"झालं?" कानसेन विजयी मुद्रेने म्हणाले. "म्हणजे बिघडवलेलं होतंच की नाही?"

"बिघडलेलं होतं. बिघडवलेलं नव्हतं," बाई म्हणाल्या. आज त्यांनी आवाज मुद्दाम खाली ठेवला होता. त्यांनी तुटलेल्या पिनेची वायर आणि जुना पंखा टेबलावर ठेवला. पिनेचं काळं पडलेलं टोक दाखवलं. पंख्याच्या चरावर कानसेनांचं बोट धरून फिरवलं. "हे दोन्ही वर्षानुवर्षांचं आहे. हिने धूळ काढली, बस्स. आता मला सांगा, सोमवारी तुम्ही कुठे होतात?"

"सांगितलं ना, किरकोळ—"

"डॉक्टरकडे."

कानसेनांचा हात नकळत कानाकडे गेला. "डोकं जड व्हायचं," ते म्हणाले. "त्याने आधी थेंब दिले. मग सोमवारी थोडा मळ काढला. त्याचा काय संबंध?"

"साफसफाई झाली होती खरी," बाई म्हणाल्या. "पण सगळ्यांनी ती कॉम्प्युटरची धरली. साफ झाले ते तुमचे कान. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर पहिल्यांदा घरघरला नाही. तुम्हाला तो पहिल्यांदा ऐकू आला. घड्याळही तसंच आणि चपलाही तशाच."

"माझे कान!" कानसेन उभे राहिले. "माझे? आणि इतकी वर्षं मला कोणी एका शब्दाने सांगितलं नसतं?"

"कोण सांगणार होतं?" बाईंच्या तोंडून गेलं.

बोलल्याबरोबर त्यांना वाटलं, जीभ आवरायला हवी होती. कानसेनांनी खोलीभर नजर फिरवली, जणू असं कोणीतरी कुठेतरी बसलेलं सापडेल. मग ते टेबलाशी बसले. "थांबा," ते म्हणाले. "हिचं शेवटचं रेकॉर्डिंग लावतो. याच टेबलावर, याच कॉम्प्युटरसमोर केलेलं. घरघर जुनी असेल तर त्यात यायला हवी. रोज ऐकतो मी हे. त्यात काहीही नाही."

त्यांनी ते लावलं. बाईंनी काकूंना जिन्यात वगैरे पाहिलं होतं, पण आवाज नीट असा आजच ऐकला. शांत, थोडा दमलेला आवाज. आणि त्या आवाजाच्या पाठीमागे, बारीक पण अखंड, घरघर होती.

कानसेन पुढे वाकले. पान उलटल्याचा आवाज आला. तिथे वाचन थांबलं, आणि काकूंनी तोंड बाजूला वळवून, स्वतःशी बोलावं इतक्या हळू म्हटलं, "अहो, हा पंखा केवढा घरघरतोय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

थोडा वेळ काहीच नाही. ती उत्तराची वाट बघत असावी.

"जाऊ दे," काकू म्हणाल्या, आणि पुढचं पान वाचू लागल्या.

कानसेनांनी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. ते त्या उशीच्या खुर्चीकडे बघत बसले. "रोज लावलंय मी हे," ते म्हणाले. "रोज. ती मला विचारत होती, आणि मी..." आणि मग ते मुलासारखे रडले. पुतणीने किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी ती किल्ली उचलून तिच्या हातात कोंबली. "ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "आणि माझं चुकलं, पोरी. यापुढे काही वाजत असलं की सांगत जा. मी हसणार नाही."

"मग चपला आधी टाकून द्या, काका," ती नाक ओढत म्हणाली. "दोन वर्षं करकरताहेत."

बाई हळूच बाहेर पडल्या. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. काम झालं की सर्व्हेअरने तिथे घुटमळायचं नसतं.

६

वर येऊन त्यांनी दिवा लावला. संध्याकाळ होत होती. त्या खुर्चीत बसल्या आणि कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी नीट केलं, याचं त्यांना बरं वाटलं. मग ते बरं वाटणं सांगायला कोणी नाही, हे लक्षात आलं.

घर शांत होतं. बाईंनी कान दिला. अगदी शांत. पण शांत आहे हे कशावरून? हा प्रश्न त्यांना स्वतःला विचारावा लागला. या खोलीत काय वाजतं, काय कुजतं, आपण स्वतःशी मोठ्याने बोलतो की काय, हे इथे कोणाला ठाऊक आहे? इथेसुद्धा कोण सांगणार होतं?

त्या उठल्या. केस सारखे केले, एक मजला उतरल्या आणि कानसेनांचं दार वाजवलं. पुतणी कोपऱ्यावरून चपला आणून देऊन निघून गेली होती. कानसेन नव्या, मऊ तळव्यांच्या चपला घालून दारात आले.

"जरा वर येता का?" बाईंनी विचारलं. "थोडा वेळ माझ्या खोलीत बसा. काही ऐकू येतंय का, तेवढं सांगा."

कानसेनांनी का म्हणून विचारलं नाही. ते वर आले, बाईंनी पुढे केलेल्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. बाई समोर बसल्या. खरं तर एवढंच पुरे होतं, पण विचारल्यावर उत्तर ऐकायला हवंच होतं.

"तुमचा मोरीतला नळ गळतोय," कानसेन म्हणाले.

"कधीपासून?"

त्यांनी डोळे उघडले आणि बाईंकडे पाहिलं. "ते मला कसं ठाऊक असणार, बाई? मी याआधी कधी आलोच नव्हतो."